डाव्या खांद्यावरून तीनदा

पश्चिम बर्लिन
११ मार्च १९७९

गेझिने, बाळा,

हे पत्र तुला कॉफीत सापडेल. पाकिटाचा बाहेरचा कागद आणि आतली चकचकीत पिशवी यांच्या मध्ये ते सरकवलंय, आणि पाकिटाचं तोंड दाढी चिकटवायच्या गोंदानं परत बंद केलंय. नटाच्या दाढ्या त्या गोंदावर दोन-दोन अंक घामात टिकतात, मग सीमेवरच्या तपासणीत एक पाकीट टिकायला काय हरकत आहे? बरोबर चॉकलेट, मनुका आणि आईसाठी पायमोजे आहेत. पार्सल लिस्बेट आत्याच्या नावानं केलंय. भावानं बहिणीला कॉफी पाठवली तर त्यात कुणाला वावगं दिसू नये. वाचून झालं की शेगडीत टाक.

ब्रेमेनच्या दौऱ्यावरून आपल्या थिएटरची बस माझ्याशिवाय पूर्व जर्मनीत, आल्टेनरोडेला परतली, त्याला आता पाच महिने होतील. तुला तिकडे काय काय ऐकवलं असेल ते मी इथे बसून घडाघडा म्हणून दाखवीन. गद्दार, हावरट, वगैरे. खरं कारण एवढंच की माझा श्वास कोंडत होता. अकरा वर्षं तोच रंगमंच, तोच संचालक आणि नायिका म्हणून त्याचीच बायको! इथे एका सिनेमाची बोलणी आधीपासून चालू होती, हे तुझ्या कानावर आलं असेल. तो निव्वळ योगायोग. मुख्य भूमिका होती, मोठी होती, पण निर्मात्याला ऐनवेळी दुसराच चेहरा आवडला. मी ते फारसं मनाला लावून घेतलं नाही.

सध्या टीव्हीच्या एका पोलिसी मालिकेत काम मिळालंय. आपल्याकडचा सीमेवरचा शिपाई. वाक्य एकच: "थांब, नाहीतर गोळी घालीन!" दिग्दर्शक खूश झाला. म्हणाला, "टेश्नर, तुमचं बोलणं अगदी अस्सल तिकडचं आहे हो!" युद्धात गावातली मुलं लपवणारा मास्तर मी पडद्यावर केला होता, तो सिनेमा तुमच्या शाळेत दर वर्षी दाखवायचे. आता बंद केला असेल. वर्गातली पोरं तुला मास्तरची मुलगी म्हणायची. आता काय म्हणतात?

नाट्यशाळेसाठी तू अर्ज केलास, असं आत्यानं लिहिलंय. तेव्हा तुझ्या डाव्या खांद्यावरून तीनदा: थू, थू, थू! आणि पुढचं लक्षात आहे ना? थुंकून दिलेल्या शुभेच्छांचे आभार मानायचे नाहीत. मानले की त्या उलटतात. तू सात वर्षांची असताना नाताळच्या नाटकात कोल्ह्याचं पिल्लू झाली होतीस. मी विंगेत तुझ्या खांद्यावरून थुंकलो आणि तू आईनं शिकवलेल्या गुणी आवाजात म्हणालीस, "धन्यवाद, पपा." रंगमंचाखालच्या पेटीत बसून आम्हाला वाक्यं पुरवणारी आपली झिर्बेलबाई तिथूनच ओरडली, "गप गं मेले! बुडवशील सगळ्यांना!" आणि खरंच, शेवटी पडदा अडकला आणि तुझं शेपूट लोकांसमोर लोंबत राहिलं. घर येईपर्यंत मी तुझ्याशी बोललो नाही. चेष्टेतच, पण तुझं तोंड एवढंसं झालं होतं.

म्हणून आभारबिभार नकोत. पण जमलं तर आत्याच्या पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात एक शब्द लिही. कुठलाही चालेल.

तुझा पपा


पश्चिम बर्लिन
२० मे १९७९

गेझिने,

आत्याचं कार्ड आलं. "कॉफी पोचली, चांगली होती." म्हणजे पत्रही पोचलं. दाढीच्या गोंदाचा विजय असो!

पण पुढचं वाचून हसू मावळलं. आत्या लिहिते, "गेझिनेचा अर्ज अडकलाय. बापानं जे केलं त्याबद्दल तिला काय वाटतं ते तिनं जूनमधल्या सभेत सगळ्या शाळेसमोर सांगायचंय. मग बघू म्हणतात. पोरगी मान खाली घालून बटाटे सोलत बसते."

बटाटे ठेव बाजूला. तू मला नाकारायचं आहेस, आणि ते असं नाकारायचं की प्रवेश देणाऱ्या समितीतल्या एकाही माणसाला शंका उरता कामा नये. अशा वेळी नवशिके जे करतात ते तू करणार नाहीस, म्हणजे थोडं नाकारून थोडं राखून ठेवणार नाहीस. अर्धवट काम कुणाच्या पचनी पडत नाही. भाषण मी लिहून देतो:

"आर्नुल्फ टेश्नर यांनी आपल्या देशाकडे पाठ फिरवली. त्या दिवसापासून मला वडील नाहीत. मला आई आहे, शाळा आहे, देश आहे. मी त्यांची आहे आणि त्यांचीच राहीन."

पूर्ण नाव घे, चुकूनही पपा म्हणू नकोस. "वडील नाहीत" यानंतर थांब. एक अख्खा श्वास थांब, सभागृह अस्वस्थ होऊ दे, मगच पुढे जा. टेबलाला धरू नकोस, हात मोकळे सोड. नजर शेवटच्या रांगेच्या जरा वर ठेव. आणि रडायचं नाही! तू रडलीस तर लोकांच्या वाटणीचंही तूच रडून टाकशील, त्यांना काही उरणार नाही.

मनाला लावून घेऊ नकोस. ही भूमिका आहे आणि ती लिहिणारा मी आहे. रंगमंचावर मुलीनं बापाला विष घातलं तरी प्रयोग संपल्यावर दोघं एकाच बरणीतल्या काकड्या खातात. तसं समज. माझी लेक मला किती झकास मारते, ते बघायला मी नसेन एवढंच माझं दुःख.

थू, थू, थू. आभार नाहीत.

पपा


पश्चिम बर्लिन
२ नोव्हेंबर १९७९

गेझिने, माझ्या राणी,

तुला प्रवेश मिळाला! झिर्बेलबाईनं सांगितलं. ती आता निवृत्त झालीय, आणि निवृत्तांना सीमा ओलांडू देतात, तेव्हा म्हातारीला भावाच्या भेटीसाठी इकडे सोडलं. एका कॅफेत भेटलो. साय लावलेल्या केकचे दोन तुकडे तिनं पाहता पाहता संपवले आणि मग मला नीट न्याहाळलं.

"आर्नुल्फ, तू सुटलास रे. तिकडे कोबी खाऊन राजा दिसायचास. इथे मांस खाऊन हमाल दिसतोस."

"कामं मिळताहेत, बाई."

"बघितली. आमच्याकडे सगळे चोरून इकडचाच टीव्ही लावतात. गेल्या महिन्यात तू जिन्यावरून पडून मेलास. चांगला पडलास."

मग तिनं आवाज खाली आणला. सभेला ती मागे बसून होती. संचालक होता, शाळेचे लोक होते, आई नव्हती. तू उभी राहिलीस आणि बराच वेळ बोललीच नाहीस.

"मला वाटलं पोरगी विसरली," झिर्बेलबाई म्हणाली. "जन्म पेटीत गेलाय माझा, तोंडावर आलंच होतं की हिला वाक्य द्यावं. पण द्यायचं कुठलं? आणि मग ती बोलली. म्हणाली, 'माझे वडील दौऱ्यावरून येणार म्हणून आईनं केक केला होता. आलुबुखारचा. ते आले नाहीत. आम्ही तो संपेपर्यंत खाल्ला. मला वडिलांबद्दल आणखी काही सांगायचं नाही.' आणि बसली. कुणी टाळी वाजवेना. सभापतींना काय करावं कळेना. त्यांनी पाणी प्यायलं."

गेझिने, मी त्या कॅफेत स्वतःची मांडी चिमटली, नाहीतर ओरडलोच असतो. माझं एकही वाक्य तू घेतलं नाहीस! देशही नाही, शाळाही नाही. सगळं फेकून दिलंस आणि त्या जागी एक केक ठेवलास. तुझ्या आईला केक करताना मी कधी पाहिलेलं नाही, पण समोरच्याला पटतं. फक्त थांबायचं तेवढं मी सांगितलं तसं थांबलीस, तेही सुरुवातीला नेलंस. तिथे ते जास्त शोभलं, मान्य करतो. मी लिहिलेलं भाषण होतं, तू त्याचं नाटक केलंस.

झिर्बेलबाईला मी यातलं काही कळू दिलं नाही. आपलं गुपित माझ्याजवळ सुखरूप आहे. निघताना ती म्हणाली, "तिला काही निरोप आहे का? कागद नको, मी घाबरते. तोंडी सांग." मी म्हणालो, "काही नाही. तिला सगळं माहीत आहे." म्हातारी माझ्याकडे कशी बघत राहिली म्हणून सांगू! तिला वाटलं असेल, काय दगड बाप आहे.

थू, थू, थू.

पपा


झाग्रेब
९ सप्टेंबर १९८३

गेझिने,

आल्टेनरोडेच्या आपल्याच थिएटरात तुला घेतलं, अशी बातमी आत्याच्या कार्डातून मिळाली. ज्या फळ्यांवर मी वाढलो त्यांच्यावर तू उभी राहणार! डावीकडची तिसरी फळी कुरकुरते, राजवाड्याच्या प्रवेशात तिच्यावर पाय देऊ नकोस.

इथे मी परदेशी लोकांच्या एका युद्धपटात आहे. अर्थात जर्मन अधिकाऱ्याच्या गणवेशात. म्युनिकच्या कपडेपटवाल्यांना माझी मापं तोंडपाठ आहेत, फक्त कमरेला दर वर्षी थोडं सैल करतात. मी आलो की शिंपी म्हणतो, "या, सरदार. या खेपेला कुणाला मारायचंय?" दिग्दर्शकाला आपली भाषा येत नाही. तो एवढंच सांगतो, ओरडा. मी ओरडतो. मग तो आनंदानं अंगठा दाखवतो.

आज मी एका मास्तराला गोळी घातली. गावची शाळा, लपवलेली मुलं, तसंच सगळं. मास्तर झालेला तरुण पोरगा माझ्या बंदुकीकडे बघत होता. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बंदुकीकडे नको बघू. मुलं जिथे लपवली आहेत तिकडे तर अजिबात नको. बुटांकडे बघ, जणू ते पुसायचे राहिलेत." त्यानं तसं केलं, आणि चित्रीकरण बघायला जमलेल्या गावकऱ्यांत एक बाई रडायला लागली. तो मला म्हणाला, "हे कुठे शिकलात तुम्ही?" मी म्हणालो, "असंच." त्याला काय सांगणार? हॉटेलवर येऊन मी पोट दुखेपर्यंत प्यायलो.

चार वर्षं झाली, तू एक शब्द लिहिला नाहीस. कॉफी चांगली होती, मनुका चांगल्या होत्या, सगळं आत्याच लिहिते. आधी मी फार चिडलो होतो. मग एक दिवस दाढी करताना डोक्यात प्रकाश पडला. मी प्रत्येक पत्रात तुझ्यासाठी थुंकतो. तू उत्तर दिलंस तर ते आभारासारखं होईल. तू नियम पाळते आहेस! खरी रंगभूमीची मुलगी आहेस. तेव्हापासून मला झोप येते.

पहिल्या प्रयोगासाठी थू, थू, थू.

पपा


पश्चिम बर्लिन
२२ जानेवारी १९८७

गेझिने,

आत्याचं कार्ड आज आलं. तुझ्या आईला, माझ्या रोझविथाला जाऊन दहा दिवस झाले म्हणे, पुरूनही झालं. मला कुणी तार का केली नाही?

केली असती तरी मला सीमेवरून परत पाठवलंच असतं, हे तुलाही कळतं. अर्ज करून उपयोग नव्हता. शिवाय त्याच आठवड्यात माझं चित्रीकरण होतं, आणि आता कामं पूर्वीसारखी येत नाहीत. तरुण जर्मन पोरं आलीत, तीही छान ओरडतात.

शेवटी तिनं माझं नाव काढलं का? काढलं नसेल तर तसं सांग. मी काही मोडून पडणार नाही.

आज थुंकत नाही. आज एक शब्द लिहिलास तरी नियम मोडणार नाही.

पपा


बर्लिन
४ मार्च १९९०

गेझिने,

भिंत पडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तुला साध्या पाकिटातून लिहितो आहे. वर तिकीट, आत पत्र. कॉफीत कागद कोंबायची सवय इतकी की हात गोंदाकडे जात होता.

शनिवारी मी आल्टेनरोडेत होतो. तुझं नाटक पाहिलं. नवरा पाणचक्कीत मेल्याची बातमी येते आणि तू हातातलं पीठ झटकत राहतेस, तिथे माझ्या शेजारचा खोकणारा माणूससुद्धा गप्प झाला. सभेत तू जशी थांबली होतीस, तशीच थांबलीस. ते भाषण मी तुला लिहून पाठवलं, कुठे श्वास घ्यायचा ते सांगितलं, आणि तू त्यातून तो केक काढलास. ती कल्पना मी अकरा वर्षं लोकांना सांगत आलोय, नाव न घेता. आपण दोघांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम.

प्रयोगानंतर मागच्या दारी गेलो. पहारेकरी नवा आहे. "कोण आलंय म्हणून सांगू?" मी म्हणालो, "सांगा, पपा आलेत." त्यानं वर फोन केला. खाली ठेवून म्हणाला, "मॅडम थकल्या आहेत." मग माझ्याकडे निरखून बघत उठलाच. "अहो, तुम्ही ते अधिकारी ना? टीव्हीवरचे? आम्ही घरात पडदे ओढून बघायचो. काय मरता हो तुम्ही!" त्यानं सही मागितली. मी दिली. तू दमली असणार, मोठं काम आहे.

आता कामाचं. तुमच्या नव्या नाटकात आंधळ्या बापाची भूमिका आहे, आणि ती करणारा नट आता हॅम्बुर्गला पळाला, असं कळलं. मुलगी तू आहेस. संचालकांजवळ माझी एवढी शिफारस कर. पैसे काय देतील ते देतील. बारा वर्षांत मला कुणी धड तीन वाक्यं बोलू दिलेली नाहीत, गेझिने. परदेशात मला पडद्यावर दुसऱ्यांना गोळ्या घालायला बोलावत होते, तेही आता बोलवत नाहीत. मी त्याच फळ्यांवर तुझा हात धरून चालेन. खऱ्या आयुष्यात बाप व्हायचं राहिलं, ते लोकांसमोर तरी करतो.

मला ठाऊक आहे, तू इतकी वर्षं का गप्प होतीस. आता तो नियम बस झाला. एक शब्द लिही.

आणि नव्या नाटकासाठी, सवयीनं, तुझ्या डाव्या खांद्यावरून: थू, थू, थू.

तुझा पपा


आल्टेनरोडे
१९ मार्च १९९०

श्री. आर्नुल्फ टेश्नर यांस,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्याकडून मला मिळालेलं हे पहिलंच पत्र.

कॉफीत कधीच कागद नव्हता. पाकिटं यायची ती तपासणीत बाजूनं कापून वर पट्टी लावलेली. त्यांना एक उग्र वास असायचा. लिस्बेट आत्या म्हणायची, पश्चिमेच्या कॉफीला असाच वास येतो. मी थिएटरात आले, पहिल्यांदा कुणाला दाढी लावताना पाहिलं, आणि तो वास ओळखला. वाटलं, तुम्ही रंगपटात बसून आमची पार्सलं भरत असाल, दोन कामांच्या मध्ये.

म्हणजे तुम्ही भाषण लिहिलंत आणि श्वास कुठे घ्यायचा ते सांगितलंत, यातलं मला आजवर काही माहीत नव्हतं. मी गप्प होते ती कुठलाही नियम पाळायला नाही. मला उत्तर देण्यासारखं काही आलंच नव्हतं.

सभेत मी बोलले ते माझं होतं. केक ही कल्पना नव्हती. आईनं तो केला होता, जन्मात पहिल्यांदा, शेजारणीला विचारून विचारून. मध्ये कच्चा राहिला होता. तुम्ही संध्याकाळच्या बसनं येणार होतात. बस आली, बाकीचे सगळे उतरले, आणि आम्ही घरी गेलो. तो टाकायला तिचा हात होईना, म्हणून आम्ही दोघी रोज खात राहिलो. सभेत मी थांबले कारण माझ्या तोंडून आवाज फुटत नव्हता. ते सांगून मला प्रवेश मिळाला. मी आईचं दुःख सगळ्या शाळेसमोर विकलं, याची लाज मला अजून वाटते. पण ते निदान आमचं होतं. आता तुम्हाला त्यावरही लेखक म्हणून स्वतःचं नाव हवंय.

पाकिटावर तुमचं अक्षर पाहून मी ते दारातच उभ्यानं फोडलं, हे लपवत नाही. वाटलं, आईबद्दल विचाराल. ती कुठे आहे, शेवटी फार त्रास झाला का, काहीतरी. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात तिचा शब्दही नाही. तुम्ही भूमिका मागितलीत. बारा वर्षांपूर्वीही भूमिकेसाठीच गेला होतात, हे आम्हाला तेव्हापासून ठाऊक होतं.

नव्या संचालकांशी मी बोलले. त्यांनी विचारलं, "नट कसा आहे?" मी म्हणाले, "फार चांगला." हे खरं आहे, शाळेत दर वर्षी मी तुमच्या मास्तरासाठी रडायचे. भूमिका तुम्हाला मिळेल, ऑगस्टच्या शेवटी तालमीला या. डावीकडची जी फळी आम्हा सगळ्यांच्या पायाखाली कुरकुरायची ती बदललीय, आता कुरकुरत नाही. मुलीचं काम दुसरी कुणी करेल. हा हंगाम संपला की मी हे थिएटर सोडते आहे. कुठे जाणार ते आत्यालाही सांगितलेलं नाही, तेव्हा तिला विचारू नका.

तुम्ही माझ्या डाव्या खांद्यावरून थुंकत आलात म्हणता, आणि उत्तरात एक शब्द मागता. मला एकच सुचतो.

धन्यवाद, पपा.

गेझिने